बाणाखालचा आकडा की ठिपक्याचा आकडा? मोटारीच्या आवाजाचा आलेख माउसने वाचताना

लातूरच्या एमआयडीसीत एका डाळ मिलच्या एलिव्हेटरच्या, म्हणजे धान्य वर चढवणाऱ्या यंत्राच्या, मोटारीचं धडधाकट बेअरिंग मी एकदा काढून टाकलं. दोष बेअरिंगचा नव्हता आणि लॅपटॉपचाही नव्हता. आलेखावर माउस ठेवल्यावर जो आकडा दिसला तो नेमका कशाचा, हे मला कळलं नव्हतं. मिलचे मिस्त्री सांगत होते, "सायेब, बेअरिंग गारच हाय की. आवाज दुसरीकडून यायलाय." पण माझ्यासमोर स्क्रीनवर ८६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८६ कंपनं, असं लिहून आलं होतं, आणि त्यांच्याकडे नुसता कान होता. मग कुणाचं ऐकायचं? मी स्क्रीनचं ऐकलं. बेअरिंग बदललं, मोटार चालू केली, आणि खडखड जशीच्या तशी.

त्यानंतर मी आलेख कसा वाचायचा ते नीट शिकलो. कंपन मोजायचं खरं यंत्र महाग असतं. आपल्याकडच्या बहुतेक मिल, गिरण्या आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांना ते परवडत नाही. पण मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि ऑडॅसिटी हे आवाजाचा आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. या दोघांच्या भरवशावर पुष्कळ काम होतं. खालची सगळी कृती ऑडॅसिटीची आहे. मेनूतली नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे सरकतात, तेवढं सांभाळून घ्या.

रेकॉर्डिंग

आधी सुरक्षा. पट्ट्यावर गार्ड नसेल तर मोबाइल धरलेला हात तिथे नेऊच नका. उपरणं, मफलर, लांब बाही, ओढणी यातलं काहीही पुलीजवळ लोंबत नको. मी मोबाइल हातात धरतच नाही. स्टुलावर घडी केलेलं गोणपाट ठेवतो आणि त्यावर मोबाइल, मोटारीपासून साधारण हातभर अंतरावर. हातात धरला की बोटं सरकल्याचा आवाज रेकॉर्ड होतो आणि आलेखात तो हुबेहूब ठोक्यासारखा दिसतो. गोणपाटामुळे जमिनीची थरथरही कमी पोचते.

रेकॉर्डर ॲपमध्ये वेव्ह फाइल निवडता येत असेल तर तीच निवडा, आणि आवाज 'स्वच्छ' करणारी सोय बंद ठेवा. ती सोय सतत चालणारा घुमणारा आवाज गोंगाट समजून दाबते, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप वापरू नका. ती आधीच दाबून लहान केलेली असते. मोबाइलने फाइल एमफोरए प्रकारात ठेवली आणि ऑडॅसिटीने ती उघडली नाही, तर एफएफएमपेग नावाची जोडफाइल वेगळी टाकावी लागते.

तीस सेकंद पुरतात. सुरुवातीला तोंडाने सांगून ठेवा: कोणती मोटार, कोणती बाजू, लोड आहे की रिकामी. महिन्यानंतर दहा फाइली समोर आल्या की हे तीन शब्दच उपयोगी पडतात. आणि मोटारीच्या नेमप्लेटचा फोटो काढा. त्यावरच्या आरपीएमशिवाय, म्हणजे मिनिटाला किती फेरे या आकड्याशिवाय, पुढचं सगळं गणित हवेत राहतं.

उघडल्यावर आधी पिक्सेलचा हिशेब

फाइल उघडली की निळ्या रंगाचा एक जाड पट्टा दिसतो. इथेच माउस फिरवायचा मोह होतो. थांबा, आधी हिशेब.

मोबाइल सहसा सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजतो. या प्रत्येक मोजणीला सॅम्पल म्हणतात आणि तोच आपला खरा ठिपका. तीस सेकंदांत असे १३,२३,००० ठिपके झाले. साध्या लॅपटॉपवर आलेखाला मिळणारी रुंदी धरा १,३०० पिक्सेल. म्हणजे एकेका पिक्सेलच्या उभ्या रेघेत हजाराच्या वर ठिपके कोंबलेले आहेत. तूर मोजायला बसलात आणि दाण्याऐवजी पोतं मोजताय, असा प्रकार. त्या रेघेचं वरचं टोक म्हणजे हजारातला सर्वांत उंच ठिपका, खालचं टोक म्हणजे सर्वांत खालचा. मधल्या ठिपक्यांचा पत्ताच नाही.

वेळेच्या भाषेत एक पिक्सेल म्हणजे २३ मिलिसेकंद. आता १,४४० आरपीएमची मोटार घ्या. ती सेकंदाला २४ फेरे मारते, एका फेऱ्याला ४१.७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे पूर्ण फेरा दोन पिक्सेलमध्येसुद्धा भरत नाही! माउस एक पिक्सेल इकडे तिकडे झाला की अर्धा फेरा चुकला. या अवस्थेत आकडा वाचण्यात अर्थ नाही. आवाज कुठे वाढला, कुठे मिल थांबली, एवढंच बघावं.

डाव्या बाजूला किंवा खाली प्रोजेक्टचा सॅम्पलिंग दर लिहिलेला असतो, तोही बघून घ्या. काही जुने रेकॉर्डर सेकंदाला ८,००० सॅम्पलच घेतात. मग ४,००० हर्ट्झच्या वरचं काही त्या फाइलमध्ये नसतंच, कितीही शोधा.

ठिपका दिसेपर्यंत जवळ जा

कीबोर्डवर एफ१ दाबून सिलेक्शन टूल घ्या. हे विसरू नका, कारण याच झूमवर पेन्सिलचं ड्रॉ टूल हातात असेल तर क्लिक केल्याबरोबर ठिपका वर-खाली सरकतो आणि तुमचा डेटा बदलतो. बघायला गेलो आणि खोडून आलो, असं होतं. झालंच तर कंट्रोल-झेड आहे, पण ते कळलं तर ना. मी मूळ फाइल कधीच उघडत नाही, तिची प्रत उघडतो.

आता माउसचा बाण हव्या त्या जागेवर ठेवा, कंट्रोल दाबून धरा आणि माउसचं चाक पुढे फिरवा. बाण जिथे आहे तिथेच आलेख उलगडत जातो. नुसतं शिफ्ट धरून चाक फिरवलं की आलेख डावी-उजवीकडे सरकतो. फार आत गेलात आणि वाट चुकली, तर कंट्रोल-एफने सगळी फाइल पुन्हा खिडकीत मावते.

चाक फिरवत राहा. आधी जाड पट्टा विरळ होतो, मग त्याची बारीक वेडीवाकडी रेघ होते, आणि शेवटी रेघेवर सुटे ठिपके दिसू लागतात. दोन ठिपक्यांत पाचेक पिक्सेल अंतर पडलं की संपूर्ण स्क्रीनवर जेमतेम सहा मिलिसेकंदांचा आवाज मावतो. मोटारीच्या एका फेऱ्याचा सातवा हिस्सा! इथे मात्र तुम्ही खऱ्या डेटासमोर उभे आहात. ठिपक्यांना जोडणारी रेघ, असली तर, सॉफ्टवेअरने ओढलेली आहे. प्रेफरन्सेसमध्ये ती बंद करून प्रत्येक ठिपक्याखाली काडी दाखवायची सोय आहे. शिकताना काड्याच बऱ्या, भ्रम होत नाही.

या पातळीवर पहिली तपासणी करा: ठिपक्यांची रांग वरच्या किंवा खालच्या कडेला जाऊन सपाट झालीय का? पट्टीवर वर १ आणि खाली वजा १ असतं. उंच लाटेचं डोकं तिथे विळ्याने कापल्यासारखं सपाट दिसलं तर मोबाइल फार जवळ होता आणि आवाज फाटला आहे. व्ह्यू मेनूत क्लिपिंग दाखवण्याची सोय आहे, ती चालू केली की फाटलेल्या जागा लाल होतात. असं रेकॉर्डिंग टाकून द्या आणि दोन हात मागे सरकून पुन्हा घ्या. फाटलेल्या लाटेमुळे स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेचा आवाज किती, हे दाखवणाऱ्या आलेखात) मुळात नसलेले आवाज उगवतात आणि मग आपण भुतं शोधत बसतो.

आता एक खंत. ऑडॅसिटीच्या या आलेखावर ठिपक्यावर बाण नेला तरी त्याची उंची आकड्यात लिहून येत नाही. डाव्या पट्टीवरून नजरेनंच अंदाज घ्यावा लागतो. नेमकी किंमत हवी असेल तर तेवढाच तुकडा निवडून टूल्स मेनूतलं सॅम्पल डेटा एक्स्पोर्ट वापरा. प्रत्येक ठिपक्याची किंमत मजकुराच्या फाइलमध्ये उतरते. तिथे आधीपासून पहिल्या १०० सॅम्पलची मर्यादा घातलेली असते, ती वाढवायला विसरू नका. मी विसरलो होतो आणि मोटार दोन मिलिसेकंदांत बंद पडली की काय असं वाटून गेलं होतं.

दोन ठोक्यांमधलं अंतर

खडखडीचा शोध घेताना माझा भरवसा या मोजणीवर जास्त आहे. बेअरिंग असो, पुली असो की सैल बोल्ट, प्रत्येकाचा ठोका ठरावीक अंतराने पडतो. ते अंतर मिळालं की गुन्हेगाराचं गाव कळतं.

मोटारीच्या हूंकारात ठोके बुडालेले असतात. हूंकार खालच्या पट्टीत असतो, धातूवर धातू आपटल्याचा नाद वरच्या पट्टीत. म्हणून ट्रॅकची एक प्रत बनवा आणि तिच्यावर इफेक्ट मेनूतला हाय-पास फिल्टर १,००० हर्ट्झला लावा. हूंकार खाली बसतो आणि ठोके कुंपणाच्या खांबांसारखे एका ओळीत उभे राहतात. ठोक्यांच्या वेळा यामुळे बदलत नाहीत.

आता अर्ध्या सेकंदाचा तुकडा माउसने ओढून निवडा आणि कंट्रोल-ई दाबा. निवडलेला भाग पूर्ण खिडकीभर पसरतो. पिक्सेलचा हिशेब पुन्हा करा: २२,०५० सॅम्पल, १,३०० पिक्सेल, म्हणजे पिक्सेलला १७ सॅम्पल, सुमारे ०.४ मिलिसेकंद. ठोक्याची जागा धरायला एवढं पुरे.

खालच्या सिलेक्शन पट्टीत सुरुवात आणि लांबी दिसेल असं ठेवा आणि वेळेचा नमुना मिलिसेकंदांचा निवडा. सॅम्पलमध्ये मोजायचं असेल तर तोही नमुना तिथेच आहे. स्नॅप बंद हवं; चालू राहिलं तर बाण सोडल्यावर निवडीची कड आपोआप जवळच्या गोल आकड्यावर उडी मारते, आणि तुम्ही जपून धरलेली जागा सुटते.

पहिल्या ठोक्याची रेघ जिथे उसळी घेते त्या पहिल्या बिंदूवर क्लिक करा, दाबून धरा, आणि ओढत न्या. पण दुसऱ्या ठोक्यावर थांबू नका. दहा अंतरं मोजा, म्हणजे अकराव्या ठोक्याच्या उसळीपर्यंत जा. कारण साधं आहे. माउस दोन्ही टोकांना मिळून दोन पिक्सेल चुकला तर चूक ०.८ मिलिसेकंदाची. एकाच अंतरावर, ४१.७ मिलिसेकंदांवर, ती दोन टक्के होते, म्हणजे जवळजवळ २८ आरपीएम. तीच चूक दहा अंतरांत वाटली गेली की ०.२ टक्के, फक्त ३ आरपीएम. हात तोच, माउस तोच, मोजणी दहापट चांगली. कड थोडी चुकली असेल तर पुन्हा सगळं ओढू नका. बाण कडेवर नेला की त्याचा हात होतो, तेव्हा धरून तेवढीच कड सरकवा; किंवा शिफ्ट धरून कीबोर्डवरची उजव्या बाणाची कळ दाबत जा.

दोन्ही टोकांना ठोक्याचा तोच अवयव धरा. एकीकडे उसळीची सुरुवात आणि दुसरीकडे शेंडा, असं करू नका. टचपॅडवर हे काम होतं, पण बोटाचा आणि मनाचा दोन्हींचा अंत बघतं. चाकाचा साधा माउस घ्या. विंडोजमध्ये बाणाचा वेग कमी करा आणि पॉइंटर प्रिसिजन वाढवणारी सोय बंद करा. नावाच्या उलट, ती हाताच्या वेगाप्रमाणे बाण कमी-जास्त पळवते आणि बारीक कामात घात करते.

जागा सापडली की कंट्रोल-बी दाबून लेबल लावा: ठोका १, ठोका ११, असं. नंतर ही लेबलं मजकुराच्या फाइलमध्ये काढता येतात. कागदावर आकडे उतरवण्यापेक्षा हे बरं, मिलमध्ये कागदाला तेल लागतंच.

माझ्या त्या एलिव्हेटरच्या फाइलमध्ये दहा अंतरं ४१७ मिलिसेकंद निघाली. म्हणजे एक ठोका ४१.७ मिलिसेकंदांनी, सेकंदाला २४. मोटारीच्या शाफ्टचा, म्हणजे फिरत्या दांड्याचा, फेराही सेकंदाला २४. फेऱ्याला बरोबर एक ठोका! शाफ्टवर घट्ट बसलेली वस्तू असा आवाज करत नाही, सैल झालेली करते. ही मोटारीकडचीच पुली असणार हेही याच आकड्यावरून कळतं. समोरची पुली तिप्पट व्यासाची होती, ती सेकंदाला ८ फेरे मारते. ठोका तिचा असता तर अंतर १२५ मिलिसेकंद आलं असतं. मिल बंद करून, मेन स्विच काढून, पुली हाताने हलवून बघितली. पुलीला शाफ्टवर पक्कं धरणारी लोखंडी पट्टी, जिला चावी म्हणतात, ती झिजली होती, पुली शाफ्टवर केसभर डुलत होती. मिस्त्री काहीच बोलले नाहीत, नुसते हसले.

जाता जाता: भूकंपाच्या आलेखातही हीच दोन टोकांची मोजणी चालते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आमच्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. भूकंपमापकावर आधी प्राथमिक लहर पोचते, मागून दुय्यम. दोन्हींच्या पहिल्या उसळीत जेवढे सेकंद, त्यांना ढोबळमानाने ८ ने गुणलं की केंद्र किती किलोमीटरवर ते येतं. तिथेही उसळीचा पहिला बिंदू नेमका धरणं हेच खरं कसब.

स्पेक्ट्रम, आणि माझी चूक

आता दुसरा आलेख. आवाजाचा दहा-पंधरा सेकंदांचा एकसारखा भाग निवडा आणि ॲनालाइझ मेनूतून प्लॉट स्पेक्ट्रम उघडा. इथे आडव्या अक्षावर वेळ नसून वारंवारता असते, उभ्यावर डेसिबल. डेसिबलचे आकडे वजा असतात, घाबरू नका. ते हवेतल्या आवाजाचं माप नव्हे, फाइलमध्ये मावू शकणाऱ्या कमाल पातळीच्या तुलनेतलं आहे. एकाच मोबाइलने, एकाच अंतरावरून घेतलेल्या दोन फाइलींची तुलना त्यावरून होते, त्यापलीकडे नाही.

या खिडकीत माउस फिरवला की खाली दोन आकडे हलतात, कर्सर आणि पीक. पीक म्हणजे तूर-सोयाबीन नव्हे, शिखर. कर्सरचा आकडा तुमचा बाण जिथे आहे तिथला. पीकचा आकडा बाणाजवळच्या शिखराचा. तोही अगदी ठिपक्याचा नसतो, आजूबाजूच्या ठिपक्यांतून वळण बसवून काढलेला अंदाज असतो, पण बाणापेक्षा कितीतरी भरवशाचा.

आणि इथे ठिपके किती दूर आहेत ते खिडकीतल्या 'साइज' या सेटिंगवर, म्हणजे एका वेळी किती सॅम्पल घ्यायचे यावर, ठरतं. सॅम्पलिंग दराला साइजने भागायचं. माझ्याकडे तेव्हा साइज २०४८ होती. ४४,१०० भागिले २०४८ म्हणजे २१.५. आलेखात २१.५, ४३.१, ६४.६, ८६.१, १०७.७ हर्ट्झवरच ठिपके होते, मधे काहीच नाही. नुसती रेघ.

मोटारीत ६२०५ नंबरचं बेअरिंग होतं. त्याच्या बाहेरच्या रिंगला चीर पडली तर शाफ्टच्या एका फेऱ्यात सुमारे ३.५८ ठोके पडतात, आतल्या रिंगला पडली तर ५.४२. सेकंदाला २४ फेऱ्यांना गुणा: ८६ आणि १३०. मी हे गणित पाठ करून गेलो होतो. स्पेक्ट्रममध्ये तिथेच एक गोलसर उंचवटा दिसला, त्याच्या डाव्या खांद्यावर बाण ठेवला, कर्सर म्हणाला ८६ हर्ट्झ. झालं! बाहेरची रिंग गेली. शेजारी पीक काय सांगतंय ते मी पाहिलंच नाही.

तो उंचवटा होता १०० हर्ट्झचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची; प्रत्येक आवर्तनात लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी १०० हर्ट्झवर हूं करतात. चालू असलेल्या सगळ्या मोटारी करतात, चांगल्याही. १०० वर ठिपकाच नव्हता, म्हणून तो ८६.१ आणि १०७.७ या दोघांच्या मधे पसरला होता. मी जिथे बाण ठेवला तिथला आकडा खरा होता, पण माझ्या बाणाचा.

बरोबर पद्धत अशी. ट्रॅकची प्रत घ्या, ट्रॅक्स मेनूतल्या रिसॅम्पलमध्ये २,००० लिहा. आता १,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं, जे आपल्याला इथे नकोच होतं. मग स्पेक्ट्रममध्ये साइज १६३८४ ठेवा. २,००० भागिले १६३८४, म्हणजे ०.१२ हर्ट्झ. एवढे जवळ ठिपके! एवढ्या साइजला निदान ८.२ सेकंदांचा तुकडा लागतो. निवड त्याहून लहान असेल तर सॉफ्टवेअर डेटा कमी पडला म्हणून तक्रार करतं. पंधरा सेकंद घ्या. फंक्शन हान विंडोच राहू द्या. खिडकी ओढून जेवढी रुंद होईल तेवढी करा.

पिक्सेलचा हिशेब इथेही चुकत नाही. एक हजार हर्ट्झ आठशे पिक्सेलवर पसरले तर एका पिक्सेलला सव्वा हर्ट्झ, आणि ठिपके त्याच्या दहापट दाट. माउसने त्यातला एकच ठिपका धरणं अशक्य. म्हणून बाण नुसता शिखराच्या आसपास न्यायचा आणि पीक वाचायचं. अक्ष लॉग केला तर खालच्या पट्टीला जास्त जागा मिळते, २४ आणि ४८ सुटे दिसतात. याहून नेमकं हवं असेल तर खिडकीतलं एक्स्पोर्ट दाबा. वारंवारता आणि पातळी असे दोन स्तंभ मिळतात, ते एक्सेलमध्ये उघडून हवी ती ओळ वाचा.

सर्वांत आधी १०० च्या आसपासचं शिखर बघायची सवय लावून घ्या. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे, म्हणून हूंकाराचं शिखर १०० च्या अगदी जवळ यायला हवं. ते ९२ किंवा १०९ आलं तर मोटारीकडे संशयानं बघण्याआधी स्वतःच्या सेटिंगकडे बघा: सॅम्पलिंग दर चुकलाय, नाहीतर साइज लहान आहे. भुसार दुकानात वजनकाटा आधी किलोच्या मापाने तपासतात, तसं. अर्थात मिल जनरेटरवर चालू असेल तर हे माप लागू नाही.

मोबाइलचा माइक फार खालचे आवाज नीट पकडत नाही, त्यामुळे २४ हर्ट्झचं शिखर कधीकधी दिसतच नाही. मग ४८, ७२, ९६ बघा. सैल वस्तूचा ठोका आपल्या पटींमध्ये हजेरी लावतो. आणि बेअरिंगची चीर स्पेक्ट्रममध्ये ८६ वर दिसली नाही म्हणून बेअरिंग चांगलं असंही समजू नका. चिरेचा ठोका वरच्या पट्टीत वाजतो, फक्त ८६ वेळा वाजतो. तो मागच्या पद्धतीने, हाय-पास लावून, अंतर मोजूनच सापडतो. ८६ ला दोन ठोक्यांतलं अंतर ११.६ मिलिसेकंद येतं.

दुसरी सॉफ्टवेअर

तुमच्याकडे दुसरं काही असेल तर पहिल्या पाच मिनिटांत एकच गोष्ट शोधा: बाण मोकळा आहे, ठिपक्याला चिकटतो, की रेघेवरून घसरतो?

पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये खिडकीच्या कोपऱ्यात दिसणारे एक्स-वाय मोकळ्या बाणाचे असतात, आलेखावर काही नसलेल्या जागीही ते येतात. मॅटलॅबमधली डेटा टिप आपणहून जवळच्या ठिपक्याला चिकटते. ती सोय काढून टाकता येते, म्हणून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आधी तपासा. एक्सेलच्या आलेखात बाण ठिपक्यावर थांबला की त्याच ठिपक्याची किंमत वर येते. एलटीस्पाइसमध्ये रेघेच्या नावावर क्लिक केल्यावर कर्सर रेघेला जोडला जातो आणि वर-खाली भरकटत नाही. ऑसिलोस्कोपवर हाताने फिरवायच्या कर्सर-रेघा मोकळ्या असतात. ट्रॅक हा प्रकार निवडला तर त्या लाटेला धरून चालतात.

ओळखायची युक्ती: बाण अगदी हळू, पिक्सेल-पिक्सेल हलवा. आकडा उड्या मारत बदलला तर तो ठिपक्यांचा. लोण्यासारखा गुळगुळीत बदलला तर बाणाचा किंवा मधल्या रेघेचा.

दुरुस्तीनंतर

नवी चावी बसवल्यावर त्याच स्टुलावर, त्याच गोणपाटावर, तेवढ्याच अंतरावर पुन्हा तीस सेकंद रेकॉर्ड केलं. जागेची खूण म्हणून जमिनीवर ऑइल पेंटचा ठिपका मारून ठेवलाय. दोन्ही ट्रॅक एकाखाली एक उघडून, दोन्हींना तोच फिल्टर लावून बघितलं: वरच्यात कुंपणाचे खांब, खालच्यात मोकळं रान. १०० चं शिखर दोन्हींत होतं, जवळजवळ तेवढंच.

मालकांनी विचारलं, "मग आता पुढचं बेअरिंग कधी जाणार ते बी सांगतोय का तुमचा मोबाइल?" म्हटलं, सांगेल, पण त्याला चांगल्या दिवसाचा आवाज माहीत पाहिजे. तेव्हापासून नवी तूर यायच्या आधी, मिल धुऊन-पुसून तयार असते तेव्हा, आम्ही सगळ्या मोटारींचं एकेक रेकॉर्डिंग करून ठेवतो. बदललेलं ते जुनं बेअरिंग मिस्त्रींनी खोक्यात तेल लावून ठेवलंय. मी गेलो की ते आधी काढून टेबलावर ठेवतात, मग चहा सांगतात.